बिनरंगाची गाडी

जगातली कुठलीही गोष्ट पुरी होऊ नये यासाठीच जन्माला आलेला एक माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आमचे आतोबा दाढीला बसले की एक गाल झाल्यावर त्यांना काहीतरी आठवे, ते तसेच उठून नाल तापवायच्या भात्याकडे चालू लागत आणि गावचा न्हावी दुसऱ्या गालासाठी वस्तरा घेऊन त्यांच्या मागे हिंडे. ताटातली भाकरी कधी संपवायचे नाहीत, एक घास ठेवून उठायचे. गोष्ट सांगायला बसले तर दरोडेखोर दारापर्यंत आणून सोडत आणि "पुढचं मग" म्हणून धोतर झटकत. त्यांच्या गोठ्याच्या तीन भिंती लिंपलेल्या होत्या आणि चौथीकडे पाहून आत्या रोज एक सुस्कारा सोडी. त्यांचा हात मात्र असा की त्यांनी ठोकलेला नाल बैल म्हातारा झाला तरी ढिला होत नसे. म्हणून लांबच्या पाली गावापासूनचे शेतकरी बैल घेऊन आतोबांच्या गावी येत. आतोबा तीन पायांना नाल ठोकत आणि चौथ्याला "उद्या या" म्हणत. मालक चडफडत परत जाई आणि बैल तीन पाय वाजवीत त्याच्या मागे. आत्या म्हणायची, "लगीनबी अर्धंच लावून उठले असते, पर माज्या बापानं हात धरून ठिवलता."

हीच आत्या कधीकधी असंही म्हणे की लढाईला जायच्या आधी ते असे नव्हते. तेव्हा भाकरी संपवून ताट बोटानं पुसून खायचे. आम्ही हसायचो, कारण नवऱ्याच्या जुन्या गुणांचं कौतुक सगळ्याच बायका करतात. पहिल्या महायुद्धात निजाम सरकारचा रिसाला, म्हणजे घोडदळ, समुद्रापलीकडे गेला तेव्हा आतोबा त्यात नालबंद म्हणून गेले होते. मिसरच्या मुलखात बरीच वर्षं काढून ते आले, आणि येताना एक विरलेला कोट, एक कानस आणि डोक्यात एक लोखंडी गाडी घेऊन आले. आज जिला रणगाडा म्हणतात ती. मिसरपलीकडच्या गाझा नावाच्या गावाजवळ त्यांनी ती लांबून पाहिली होती. तिला बैल नाही, घोडा नाही, चाकं दिसत नाहीत, एक पट्टा अंगावरून फिरतो आणि त्यावर ती आपली आपण सरपटते, हे त्यांनी चावडीवर सांगितलं तेव्हा गावच्या मुकादमानं त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला.

तेव्हापासून त्यांनी बाभळीच्या लाकडात ती गाडी घडवायला घेतली. माझी तेव्हा बीडच्या कचेरीत उमेदवारी चालली होती, सुटी मिळाली की मी आत्याकडे जाई. दर खेपेला गाडीचं काहीतरी नवीन झालेलं असे. अंग हातभर लांब, पुढून नाक वर उचललेलं, दोन्ही कुशींना तोफेची दोन घरटी. फुटक्या मोटेचं चामडं कापून त्यांनी पट्टे केले आणि त्यावर पत्र्याचे तुकडे एकेक करून शिवले. माझी छत्री एकदा कोपऱ्यात ठेवली होती, ती उचलल्यावर एका बाजूनं लुळी पडली. तिची काडी तोफेची नळी झाली होती. पण त्यांचा खरा जीव अडकला तो रिबिटांत. खऱ्या गाडीच्या अंगावर पत्रे जोडणारी बारीक बारीक गोल रिबिटं होती असं त्यांचं म्हणणं, म्हणून त्यांनी बाभळीच्या डिंकानं राळ्याचा दाणा दाणा चिकटवला. महिनाभर मान वर केली नाही. मग एका सकाळी उन्हात वाळायला ठेवली आणि चिमण्यांनी एक अख्खी बाजू खाऊन टाकली. नंतर आतोबांनी मोहरी घेतली, कारण मोहरीला चिमणी तोंड लावत नाही. पुढचे दोन महिने आत्याच्या घरात फोडणी नुसत्या जिऱ्याची झाली.

आता गंमत रंगाची. दर दसऱ्याआधी ते वडवणीच्या बाजाराला जाऊन रंगाची पूड आणायचे, जवसाच्या तेलात करवंटीत घोटायचे, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा कुंचला करायचे. सगळं मांडून बसले की गाडी हातात घेऊन फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "इथं एक कडी पायजे." कडी होईपर्यंत करवंटीतल्या रंगावर साय धरे. पुढच्या वर्षी कडी झालेली असे, पण दाराला बिजागरी हवी असे. एकदा लागला रंग की त्याच्याखाली काही बसवता येत नाही, जे काय बारीकसारीक करायचं ते रंगाआधीच, हे त्यांचं शास्त्र होतं आणि ते खरंही होतं. सुकायला आलेला रंग वाया जाऊ नये म्हणून आत्या तो दाराखिडक्यांना फासून टाकी. त्यामुळे आमच्या आत्याच्या घराइतकी रंगीत दारं त्या गावात कुणाची नव्हती, आणि गाडी मात्र लाकडाच्या अंगाची ती तशीच.

मला हे सगळं वेड वाटे. ते वेड नव्हतं, हे मला नदीपलीकडच्या म्हातारीमुळे कळलं.

ही म्हातारी बिंदुसरा नदीच्या पलीकडच्या काठावर राहायची. तिचा एकुलता एक रामा आतोबांबरोबरच रिसाल्यात गेला होता, घोड्यांची निगा राखणारा सईस म्हणून. तो परत आला नाही. सरकारातून मुकादमाकडे एवढंच आलं की पत्ता लागत नाही. आतोबा गावी आले त्या दिवशी ती नदी उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि रामा कुठं आहे म्हणून विचारलं. काय झालं ते आतोबांना माहीत होतं, पण त्यांना ते सांगता आलं नाही. ते म्हणाले, त्याला साहेबानं लोखंडी गाडीवर घेतलाय, आत बसलाय, गोळी लागत नाही. एवढं एक वाक्य ते बोलले आणि त्याच्या खाली पुढची सगळी वर्षं दबून राहिले.

कारण म्हातारीनं ते खरं धरलं. भावकीतल्या लोकांनी तिला किती सांगितलं, की परमुलखात हरवलेल्याचा कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असतो, दिवस घालायचे असतात, नाहीतर जीव तसाच घोटाळत राहतो. तिनं सरळ नाही म्हटलं. लेक जिवंत गाडीत बसलाय आणि मी त्याला जाळू का, म्हणायची. मग तिला ती गाडी कशी असते ते बघायचं होतं. तिचे डोळे तोवर मोतीबिंदूनं गेले होते, म्हणून बघायचं ते बोटांनी. बाजारच्या दिवशी ती कुणाच्या तरी बैलगाडीतून यायची, ओट्यावर बसायची, आणि आतोबा ती बाभळीची गाडी तिच्या मांडीवर ठेवायचे.

मी ते एकदा जवळून पाहिलं. तिची बोटं मोहरीच्या ओळींवरून सावकाश फिरत गेली, कड्यांवर थांबली, पट्ट्यांचे पत्रे चाचपले. तिचे प्रश्न बैलगाडीचे असत, दुसरी गाडी तिनं जन्मात पाहिली नव्हती. वंगणाचं कुठं ठेवतात, विचारलं तर पुढच्या बाजाराला खाली वंगणाचं नळकांडं लोंबलेलं असे. पाण्याचं कसं, म्हणाली तर बुधल्याला आकडा. वारा कुठून लागतो, म्हटलं की एक खिडकी. भाकरी आत कशी देतात, तर एक झरोका. खऱ्या गाडीला यातलं काय होतं देव जाणे. गाझाला ज्या साहेबांनी ती हाकली त्यांना ही पाहून आपली गाडी ओळखू आली नसती. आणि उठताना ती न चुकता विचारायची, रंग कधी द्यायचा. आमच्याकडे सुताराच्या दारातली नवी गाडी रंग लागल्याशिवाय हलत नाही. रंग वाळला, नारळ फुटला की ती घरी जाते. म्हातारी म्हणायची, "रंग दिला म्हंजी घरला यील माजा रामा." आतोबा म्हणायचे, "जरा बारीक काम राहिलंय, मावशे."

फक्त एका प्रश्नाला ते जागचे उठून जात. मानूस कुठाय, ती विचारायची. आत कुणीच नव्हतं. इतकं बारीक काम करणाऱ्यानं आत माणूस बसवला नव्हता.

पुढच्या एका उन्हाळ्यात निरोप आला की म्हातारीनं अंथरूण धरलंय आणि गाडी घेऊन बोलावलंय. तिच्या होकाराशिवाय भावकी रामाचे दिवस घालणार नव्हती, आणि ती तशीच गेली असती तर ते कायमचे राहून गेले असते. आतोबांनी निरोप ऐकला आणि भात्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बोटाएवढा लाकडी माणूस होता. मांडी घालून बसलेला, आणि एका कानात पितळेच्या तारेची बारीक भिकबाळी. रामाच्या कानात तशीच होती, आत्या म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी छातीशी धरून त्यांच्याबरोबर नदी उतरलो. पात्रात वाळूच होती. म्हातारी उशाशी भिंतीला टेकून बसली होती. आतोबांनी गाडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं नेहमीसारखी सगळी गाडी चाचपली, बिजागरीवरचं दार उघडलं, दोन बोटं आत घातली आणि तशीच थांबली. मग ती बोटं त्या लाकडी माणसाच्या कानापाशी गेली. भिकबाळीवर ती इतका वेळ होती की मला वाटलं तिला झोप लागली.

"लई दिस बसलाय," ती म्हणाली. "पाय आखडले असतील. भाईर काढ त्याला."

आतोबांच्या हातून तो निघेना, म्हणून मी काढून तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं मूठ मिटली आणि विचारलं, "त्या दिशी तू कुठं हुतास रं?"

मग आतोबांनी सांगितलं. घोडी पाण्यावर न्यायची पाळी त्यांची होती. एका घोड्याचा शेवटचा नाल राहिला होता. रामाला म्हणाले, तू हो पुढं, मी एवढा पुरा करून येतो. रामा घोडी घेऊन लोखंडी गाडी गेली त्या अंगाला गेला, आणि तिकडं तोफा सुरू झाल्या. नंतर तिथं काही सापडलंच नाही.

"नाल पुरा झालता का?"

"झालता, मावशे."

"मग ह्येबी पुरं कर, लेकरा," म्हातारी म्हणाली आणि मूठ त्यांच्या हातात दिली.

भावकीनं कणीक मळली, पुतळा केला, आणि त्याच्या छातीत आतोबांनी तो लाकडी रामा ठेवला. बिंदुसरेच्या वाळूत त्याला अग्नी दिला. अग्नी आतोबांनीच दिला, कारण रामाला भाऊ नव्हता. दहाव्याला ते वाळूत न्हाव्यापुढे बसले. डोकं, मिशा, दोन्ही गाल, सगळं झालं आणि न्हाव्यानं वस्तरा पुसला तरी ते बसूनच होते. न्हावी माझ्याकडे पाहायला लागला. एवढ्या वर्षांत हे गिऱ्हाईक त्याच्या हातून पुरं झालं नव्हतं. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत म्हातारी गेली, आणि ती शांतपणे गेली असं पलीकडचे लोक सांगत.

त्यानंतर आतोबा सगळं पुरं करू लागले. गोठ्याची चौथी भिंत लिंपून झाली. बैल चार पाय वाजवीत घरी जाऊ लागले. दरोडेखोर घरात शिरून पकडलेही जाऊ लागले, आणि गोष्ट संपल्यावर आम्ही नुसते एकमेकांकडे पाहत बसायचो. ताटातला शेवटचा घास ते खात आणि आत्या त्या रिकाम्या ताटाकडे बघत राही. जन्मभर जे मागितलं ते तिला मिळालं होतं, आणि तिला ते आवडलं नव्हतं. आम्हालाही नाही. ते चारचौघांसारखे एक म्हातारे गृहस्थ झाले, कमी बोलणारे, आणि एका हिवाळ्यात गेले. त्यांनी हाती घेतलेलं काहीच मागं राहिलं नव्हतं, एका गाडीखेरीज.

ती गाडी आत्यानं मला दिली. आता मोहरी बरीच गळली आहे, चामडं कडक झालं आहे, पण बिजागरी अजून फिरते. एका दसऱ्याला माझ्या मनात आलं, हे एवढं राहिलंय, आपण करून टाकावं. वडवणीहून पूड आणली, जवसाच्या तेलात घोटली, कुंचला बुडवला आणि गाडी मांडीवर घेतली. रंगाआधी एकदा डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. ओळी लागल्या, आकडा लागला, झरोका लागला. दार उघडून दोन बोटं आत घातली. आत कुणी नव्हतं. "रंग दिला म्हंजी घरला यील" हे म्हातारीचं बोलणं आठवलं. मग दार उघडंच ठेवून गाडी फळीवर ठेवली, आणि रंग सुकून जायच्या आत तो घराच्या दाराला देऊन टाकला.