बाज्याला शिसवीचं अंग

मी स्वतःच्या हातांनी जन्मात एकच लाकडी वस्तू केली आणि ती एक दुपार टिकली.

माझी धाकटी बहीण गोदा, युसूफ वडगाव नावाच्या गावी दिलेली. निजामाचं राज्य होतं, मी गेवराईच्या तहसिलीत कारकून होतो. त्या साली तापाची साथ आली आणि आमचे दाजी त्यात गेले. मी गोदाला आणायला गेलो, तर तिच्या सासऱ्यांनी ट्रंकेसोबत दाजींचा बाजाही गाडीत ठेवला. बाजा म्हणजे ग्रामोफोन. चावी दिली की तबकडी फिरायची आणि भोंग्यातून गाणं यायचं. दाजींना त्याचं भारी वेड.

"आता ह्ये कोन ऐकनार," सासरे म्हणाले आणि तोंड फिरवून आत गेले.

वाटेत धक्का लागू नये म्हणून भोंगा मी जवळ घेऊन बसलो. गेवराई यायच्या आत मला डुलकी लागली आणि मी (तेव्हा खाऊनपिऊन बरा होतो) त्याच्यावर कलंडलो. गोदानं चपटा झालेला भोंगा पाहिला आणि पुन्हा बैलांकडं बघत बसली. ती कुणाशी बोलतच नव्हती. घरी आली तरी तेच. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. माय तिच्या डोक्याला तेल लावायची आणि मागच्या मागं पदरानं डोळे पुसायची.

आमचे शेजारी गुलाबखाँ एके काळी हैदराबादेत एका नवाबाचे गाडीवान होते, त्यामुळं जगातलं काहीही त्यांना विचारता यायचं.

"भोंगे का जमाना गया, मियाँ," ते म्हणाले. "नवाबसाब के बाजे कू भोंगाच नै था. पेटी में से गाना आता था. और पेटी कैसी? शीशम की. आईने के जैसी!"

मी पेटी करायला घेतली. आंब्याच्या फळ्या होत्या, हातोडी होती, अक्कल तेवढी नव्हती. चार दिवसांनी आमची मंडळी ओसरीवर आली, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आवो, कोंबड्या पाळायच्या का आपन?"

"वरून शिसवी चढली की बघ," मी म्हणालो.

गुलाबखाँनी कुणाकडून तरी हैदराबादेहून शिसवीचे पापुद्रे मागवून दिले. कागदासारखे पातळ, काळपट तांबडे, आत वाहत्या पाण्यासारख्या रेघा. ते फळीवर चिकटवायचे, म्हणजे आतलं खुराडं झाकून वरून नवाबाची पेटी. चिकटवायला सरस लागतो. तो कातड्याहाडांचा करतात हे मी घरात बोललो नव्हतो, पण शिजायला लागल्यावर त्याच्या वासानंच ते सांगितलं. मायनं मला चुलीपासून उठवून गोठ्यात घातलं. संध्याकाळी गाय दूध देईना. दारात गल्लीतली कुत्री येऊन बसली, जणू पंगत उठायची वाट बघताहेत.

"कावून छळतो रे त्या गाईला?" माय म्हणाली.

"गोदासाठी करतो, माय."

मायनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "दुखवट्याच्या घरात गानं लावलं तर लोक नावं ठिवतील. ठिवू दे. पन ती बोलली पायजे."

पापुद्रे चिकटवले, पण कडा उठायला लागल्या. वर पाटा ठेवला, ज्वारीचं पोतं ठेवलं, तरी एक कोपरा ऐकेना. त्याच्यावर मी स्वतः बसलो. सरस वाळला, पेटी पक्की झाली, मी उठलो आणि पेटीही माझ्याबरोबर उठली. धोतर सोडून, पंचा गुंडाळून मला आत जावं लागलं. गोदा दारात उभी होती. तिनं नुसतं बाजूला होऊन वाट दिली. ती एकदा हसली असती, तर मी जन्मभर पेटीला चिकटून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजा पेटीत बसवला. पुढच्या बाजूला आवाजासाठी मोठं भोक ठेवलं होतं, पण शिसवीची सगळ्यांत देखणी रेघ नेमकी तिथंच येत होती. ती कापायला जीव होईना, म्हणून अख्खा पापुद्रा भोकावरून सलग ताणला होता.

"लकडी में से आवाज छनके आता," गुलाबखाँनी हमी दिली.

दाजींची आवडती तबकडी लावली. गाणं लागलं खरं, पण धान्याच्या झाकलेल्या पेवात पडलेला माणूस ओरडावा तसं. शब्द एकही कळेना. कुणीतरी आतून, लांबून, हाका मारतंय एवढंच.

गोदाचं तोंड पांढरं पडलं. ती उठून आत गेली. मी बाजा बंद करायला वाकलो, तेवढ्यात ती परत आली. हातात विळा. मला बाजूला ढकलून तिनं तो शिसवीत खुपसला आणि टराटरा फाडत सुटली.

"दार उघडा म्हनत होते," ती म्हणाली. "साथीचं म्हनून गावाभाईर खोपीत ठिवलतं त्यान्ला. आतून मला हाका मारायले. मी भाईर हुबी. मला जाऊ न्हाई दिलं, दादा. कुनी जाऊ न्हाई दिलं."

पापुद्रा सुटला आणि गाणं मोकळं होऊन ओसरीभर झालं. गोदा खाली बसली आणि सासरहून आल्यापासून पहिल्यांदा रडली. मायनं तिला कुशीत घेतलं. गुलाबखाँ मान खाली घालून अंगणात जाऊन उभे राहिले. चावी संपेपर्यंत कुणी हललं नाही.

त्या दिवसापासून गोदा बोलायला लागली. फार नाही, पण दाजींचं बोलायची. बाजा मग पेटीशिवायच ओसरीवर राहिला. आवाज बारीक यायचा, गोदा जवळ बसून ऐकायची.

पेटी मायनं मोडून चुलीत घातली. शिसवी ओल्या सरपणाला सुद्धा पेटवती, असं ती पुढं येईल त्याला सांगायची. माझ्या सुतारकीची तारीफ म्हणून कुणी केली असेल तर तेवढीच.