समुद्रावरचे रोडगे

कणीक जळल्याचा वास आला की मस्कतचा तो शुक्रवार आठवतो. सुट्टी म्हणून बायको-पोरीला समुद्रावर नेलं आणि अंजनगावला वावरात करतो तसा विस्तव करून, गोवऱ्यांऐवजी कोळशावर, कणकेचे रोडगे भाजायला टाकले. तेवढ्यात पहारेकरी आला. विस्तवाला मनाई, अशी इंग्रजी पाटी मागेच होती. आठवीत शाळा सोडलेल्या मला ती कळली नव्हती. त्याने माझं तिथे राहण्या-कामाच्या परवान्याचं कार्ड काढून घेतलं. ते गेलं की नोकरी गेली. “आवो, हात तरी जोडा! काहून नुसते उभे राह्यले?” बायको रडत ओरडली. मी जोडले. तेव्हा आठ वर्षांची पोरगी पुढे होऊन इंग्रजीत म्हणाली, “माझ्या बाबांना वाचता येत नाही.” तेवढं मला कळलं. गावी पारावर मराठी पेपर वाचून दाखवणारा मी, पण मान खाली घालून तिचं म्हणणं तसंच राहू दिलं. त्याने कार्ड परत दिलं. आज आम्ही तिघं अजून इथे मस्कतलाच आहोत ते पोरीच्या त्या एका वाक्यावर.