आरा मशीनवाल्याचं रान

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नालवाडीच्या घरी गच्चीवर वड्या वाळत घालत होते. "हे गेले, सुमनबाई," ती म्हणाली. "जेवले, ओसरीत आडवे झाले, अन् मी चहाले उठवाले गेली तं..." मी पिठाच्याच हातांनी खाली उतरले. समुद्रपूरला पोचले तेव्हा भाऊचा चेहरा इतका निवांत होता की, खरं सांगते, मला मोठ्यानं रडताही आलं नाही.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ दिगंबर. समुद्रपुरात वडिलांनंतर आरा मशीन त्यानंच चालवली. त्याच्या अंगाला कायम सागाच्या भुशाचा वास यायचा. गिरडजवळच्या एका टेकडीमागे तेव्हा सागाचं दाट रान होतं. ते रीतसर लिलावात तोडलं गेलं आणि त्यातलं बरंचसं लाकूड आमच्या मशीनवर चिरलं गेलं. त्याची भाऊला कधी लाज वाटली नाही. "लोकाईले दारं-खिडक्या नको का?" असं तो म्हणायचा. पण तोडलेलं रान पुन्हा उभं राहिलं नाही, हे मात्र त्याला खुपायचं. टेकडीवरच्या दर्ग्याला गेलो की वरून तो उघडा उतार दिसायचा, आणि तो बघतच राहायचा... वय झाल्यावर त्यानं मशीन बंद केली, त्याच सुमारास एक संस्था गावात आली. तोडलेल्या जागी झाडं लावायची, ती हवेतला कार्बन धरून ठेवतात, असं त्यांनी सभेत सांगितलं. "धूर काय झाडात भरतेत का?" कोणीतरी विचारलं, आणि सगळे हसले. भाऊ उठला. "चुलीत लाकूड जाळलं का धूर निघते ना? मंग तो लाकडात आला कुठून? झाडानं हवेतूनच ओढला होता. जाळलं का सुटते, उभं ठेवलं का अंदर राह्यते." हसू थांबलं.

मग ताराबाई उभी राहिली. तिच्या बकऱ्या त्याच उतारावर चरायच्या, त्यांच्यावरच तिचं घर चालायचं. "भाऊ, पहिले तुमी झाडं नेली. आता गवत बी नेता?" ती म्हणाली. त्या रात्री भाऊनं मला फोन केला. "खरं बोलली ते. तिच्या बकऱ्याईचं काईतरी पाहा लागते, सुमे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात गेला आणि बकऱ्या कुठून कुठं जातात ते तिच्याबरोबर हिंडून पाहिलं. खालचा पट्टा चराईला मोकळा ठेवायचं ठरलं. नुसता साग नको, मोह, चारोळी, बेहडाही हवा, लोकांना खायला-वेचायला काही मिळालं तरच ते रान राखतील, हे त्यानं संस्थेच्या लोकांशी भांडून मान्य करून घेतलं. आणि रोपं राखायचं काम ताराबाईलाच मिळालं. तिच्या भीतीनं दुसऱ्या कोणाची बकरी वर फिरकेना!

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र आग लागली. ताराबाईच्या हाकेनं गाव धावलं, पळसाच्या फांद्यांनी झोडपून झोडपून आग विझवली, भाऊच्या भुवया होरपळल्या. अर्धा उतार काळा झाला होता. मी धास्तावून भेटायला गेले, तर हा ओसरीत बसून भाकर-ठेचा खात होता. "काऊन घाबरून राह्यली? सागाचं मूळ जळत नसते. पाणी पडू दे, मंग येजो पाहाले." पावसाळ्यात गेले तर जळलेल्या खुंटांना फुटवे आले होते. मोहाची रोपं मात्र मेली होती, ती त्यानं नव्यानं लावायला घेतली होती. सागाचं कोवळं पान त्यानं तळहातावर चोळलं, हात लाल झाला, आणि तो लाल हात लहान पोरासारखा मला दाखवत राहिला... गेल्या दिवाळीत भाऊबीजेला त्यानं मला पुन्हा वर नेलं. झाडं आमच्या डोक्यावर गेली होती. "बस इथं," तो म्हणाला. "सावली झाली आता." आम्ही दोघं उन्हं कलेपर्यंत त्या सावलीत बसलो. तेवढं पुरेसं होतं.

तेरवी झाल्यावर मी आणि वहिनी तिकडे गेलो. वहिनी पहिल्यांदाच वर चढत होती. ताराबाई एका सागाशी वाकून उभी होती. बोटाच्या पेरानं खोडावर टकटक करून तिनं कान लावला. मी चमकले. ही भाऊची सवय! लाकूड दिसलं की ते पक्कं आहे की पोकळ, हे तो असंच वाजवून बघायचा. वहिनीला बघायला गेला तेव्हा त्यानं आधी तिच्या माहेरच्या दाराचं लाकूड वाजवून पाहिलं होतं, आणि त्यावरून ती त्याला जन्मभर टोचत आली होती.

"हे काय वो, ताराबाई?" मी विचारलं.

"भाऊ करत होते ना. मले बी लागली सवय," ती ओशाळून हसली.

"मग, काय म्हणते झाड?"

"अजून काई नाई. कवळं हाय."

वहिनी हळूच पुढे झाली, पदर सावरला, शेजारच्या झाडावर पेर आपटलं आणि डोळे मिटून कान दिला.