क्रेनवरच्या दहा जणी

सहावीच्या बाईंनी मुलाखतीचा तास ठेवला होता. आपल्याला ठाऊक नसलेलं एखादं काम निवडायचं, ते करणाऱ्या माणसाला गाठून सगळं विचारून घ्यायचं, आणि मग आपणच तो माणूस बनून खुर्चीत बसायचं. प्रश्न विचारायला बाकीचा वर्ग. लेकीने मावशी निवडली. मावशी बंदरावर क्रेन चालवते.

आई शर्टांच्या कारखान्यात काजं करते. चौदा वर्षं झाली. तिचं म्हणणं एवढंच, निदान मला विचारायचं तरी!

"तुझं काय विचारायचं? ते माहीतच आहे मला," लेक म्हणाली, आणि आठवडाभर फोनला चिकटून बसली. मावशी, वरून माणसं केवढी दिसतात? मावशी, वारा सुटला की काय करतेस?

आई आत भांडी आपटत राहिली. धाकटी बहीण पहिल्यापासून अशीच, नजरेत भरणारी. आता लेकही पळवली. खरं तर तिने बिचारीने काही पळवलं नव्हतं, फोन आला की उचलत होती. पण जळणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

त्या तासाला पालकांनाही बोलावलं होतं. आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली आणि शेवटच्या बाकात गुडघे कोंबून बसली.

लेकीने मावशी झकास वठवली. उत्तरं फडाफड. मग एका चष्मेवाल्या मुलाने यादीबाहेरचा प्रश्न टाकला, "तुम्हाला भीती कधी वाटते?"

लेक अडखळली. हे मावशीला विचारायचं राहिलं होतं. जरा थांबून म्हणाली, "सुटायची वेळ जवळ आली की. दहा जणींनी केलेलं काम शेवटी माझ्या हातात येतं. माझा हात हलला, की दहाही जणींची मेहनत पाण्यात. तेव्हा मी श्वास रोखून धरते."

वर्गात टाळ्याच टाळ्या.

आईने झटकन मान वर केली. शब्दन् शब्द तिचा होता. दहा जणींनी शिवलेला शर्ट शेवटी काजांसाठी तिच्याकडे येतो; बाकीची शिलाई उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं, शर्ट गेला. कधीतरी दमून आल्यावर ती हे बोलली होती, भिंतीशी बोलावं तसं.

बाई तिच्याकडे वळल्या. "केवढ्या जबाबदारीचं काम करते हो तुमची बहीण!"

आईला राहवलं नाही. "क्रेनवर कसल्या आल्यात दहा जणी? वर ती एकटीच असते. ते मी बोलले होते. काजांबद्दल."

मुलं खिदळली. लेक कानापर्यंत लाल झाली आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर जिन्यात ती म्हणाली, "मावशी असती तर गप्प बसली असती."

"बसेल नाही तर काय! टाळ्या तिलाच मिळत होत्या."

"टाळ्या मला मिळत होत्या, आई."

आई चार पायऱ्या उतरली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण दहा जणी माझ्याच."