जड स्टिअरिंग

आई गाडी चालवतेय, मी शेजारी बसलेय आणि आम्ही लोणी काळभोरला निघालोय, एवढंच मला पुन्हा हवं आहे. बाकी गेलेल्या दिवसांचं मला फारसं कौतुक नाही.

खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागल्यावर मी गाडी घेतली, पॉवर स्टिअरिंगवाली. चालवायची मात्र आई. मला ऑफिसची बस होती, आणि शिकायचा कंटाळा. आई सरकारी कचेरीत कारकून होती. पन्नाशी उलटल्यावर ती ड्रायव्हिंग स्कूलच्या जुनाट गाडीवर शिकली. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळण जमलं नाही की तिथले मास्तर म्हणायचे, "मॅडम, जेवून येत जा." स्टिअरिंग जड लागलं तर दोष चालवणाऱ्याच्या दंडांचा, हे तिच्या मनात तिथेच पक्कं बसलं.

दर रविवारी ती थोरल्या बहिणीकडे लोणीला जायची. मावशी ओट्यावरूनच ओरडायची, "आली बगा आमची डायवरीण!" आई ऐकू न आल्यासारखं करायची आणि उतरताना उगाच एकदा हॉर्न वाजवायची.

पाचेक वर्षांनी, नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. "अगं, हे काय वाजतंय?" आईने दोन-तीनदा विचारलं. गाडी सर्व्हिसिंगला पाठवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते पुढे ढकलत होते. "जुनी झाली की वाजतेच गाडी," असं म्हणून मी रेडिओ मोठा केला.

मग एकदा लोणीहून परतल्यावर तिने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"हातांत जोर राहिला नाही गं. वळवताना दंड भरून येतात. कुणाला धडकले म्हणजे?"

खरं सांगते, सर्व्हिसिंगच्या कटकटीतून मला सुटल्यासारखं वाटलं. "बरं केलंस, आता वय झालं तुझं," मी म्हणाले. त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर ती बसने लोणीला जाऊ लागली. पुढे महिन्यातून एकदा, पुढे नुसता फोन. गाडीवर कव्हर चढलं.

दोन वर्षांनी गाडी विकायची ठरवली आणि मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने सोबत आणलेली बॅटरी जोडून इंजिन चालू केलं आणि स्टिअरिंग फिरवलं, तोच जुना आवाज आला. इंजिन बंद करून त्याने स्टिअरिंगचं तेल पाहिलं, ते पुरेसं होतं. मग एक बेल्ट अंगठ्याने दाबला, तो चांगलाच खाली गेला.

"हा बेल्ट स्टिअरिंगचा पंप फिरवतो. सैल पडलाय, गुळगुळीत झालाय, नुसता घसरतोय. पंपच फिरला नाही तर जोर कुठून मिळणार? हे वळवायला पैलवान लागेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आवाज तर बरेच दिवस येत असणार. गाडीतला रेडिओ चांगला आहे वाटतं, मॅडम?"

त्याने नवीन बेल्ट चढवला, ताणून बसवला. तासाभराचंही काम नव्हतं.

मी आईला खाली घेऊन आले. तोवर मधुमेहाने तिचे डोळे नेले होते, समोरच्या माणसाला ती आवाजावरून ओळखायची. दार चाचपत ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "फिरव."

तिने सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला. स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि ती दचकली. मग तिने एकाच बोटाने ते या बाजूला नेलं, त्या बाजूला नेलं. बराच वेळ तेच करत राहिली.

"म्हणजे माझे हात चांगले होते," ती म्हणाली.

मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"तुला ऐकू येत होता ना तेव्हा तो आवाज?"

"हो."

तिने मान हलवली. आणि उतरताना उगाच एकदा हॉर्न वाजवला.