धावड्यातल्या बारा शिलाई मशिनी आणि मालतीताई

माझी नोकरी पहिल्याच महिन्यात खाणार होत्या मालतीताई.

आज सकाळी त्या गेल्या. जुन्या जालन्यातल्या घरी, झोपेत. आयुष्यभर आम्हाला भरपूर त्रास दिला, जाताना मात्र कुणाला बिलकुल नाही.

बचत गटांना कर्ज देणाऱ्या आमच्या संस्थेत त्या ट्रेनर. मी नवीकोरी फील्ड ऑफिसर. एमएसडब्ल्यू झालेली, नाकावर माशी बसू न देणारी.

धावडा गावच्या गटात बारा बाया. एका दुपारीत मी बाराही फॉर्म भरून आणले आणि भाव खात ताईंच्या टेबलावर ठेवले.

बाराच्या बारा फॉर्मवर एकच धंदा. शिलाई मशीन.

अहो, ते प्रपोजल जल्दी पास व्हायचं! मीच सगळ्यांना सुचवलं होतं.

"धावड्यात बारा टेलर?" ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. " एकमेकींचे ब्लाउज शिवून पोट भरणार का त्या?"

अख्खं ऑफिस हसलं. मी लालबुंद.

मग ताई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या परत जा. फॉर्म नको, पेन नको. नुसती बस. जमत नसंल तर नोकरी सोड, पण तुझ्या मनातलं कर्ज त्यांच्या डोक्यावर ठेवू नको."

घरी जाऊन मनातल्या मनात शिव्या घातल्या त्यांना. पण गेले.

गटातल्या रुक्मिणबाईंच्या ओसरीवर बसले. नवरा वारलेला, शेत नाही, दोन मुली. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या, मीही खुडू लागले. चुकून डोळ्याला हात लागला आणि जी काय बोंबलले!

जमलेल्या बाया पोट धरून हसल्या. मग कुठे बोलायला लागल्या.

तिखट कुटायला सगळ्यांना भोकरदन गाठावं लागायचं. दिवस जायचा, मजुरीचा रोज बुडायचा. रुक्मिणबाईंनी तर तिथल्या कांडपावर चार वर्षं मजुरी केलेली. त्यांना स्वतःची मिरची कांडपाची मशीन हवी होती.

मग आधी का नाही सांगितलं, मी विचारलं.

"तुमी इच्चारलंच न्हाई, म्याडम. फॉर्म भरूनच आल्त्या."

आजही हे आठवलं की माझे कान गरम होतात.

पण संस्थेच्या कर्ज कमिटीने त्यांचा अर्ज परत पाठवला. एकटी बाई, एवढी मोठी मोटर, झेपणार नाही म्हणे. ताई भांड भांड भांडल्या आणि रुक्मिणबाईंनाच जालन्याला बोलावून घेतलं.

मशीन बंद पडली तर काय करणार, कमिटीच्या साहेबांनी विचारलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर ताईंनी टेबलाखालून असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिले.

रुक्मिणबाई उभ्या राहिल्या.

"पट्टा तुटला तर मी बसवते. बेअरिंग गेलं तर आवाजावरून कळतं मला. मोटर जळली तरच मिस्त्री लागतो. अन् साहेब, चार वर्सं दुसऱ्याची मशीन चालवली, तवा कुणी न्हाई इच्चारलं, झेपतं का म्हून."

सही झाली. जागच्या जागी.

मशीन सुरू झाली त्या दिवशी अर्धं गाव शिंकत होतं. ताईंना दमा, तरी हटल्या नाहीत. नाकाडोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

बाकीच्या अकरा जणींचे फॉर्म मी नव्याने भरले. शिलाई मशीन फक्त एकीने मागितली.

आज रुक्मिणबाईंच्या तीन मशिनी आहेत. थोरली हिशेब बघते, धाकटी नर्स झाली. आसपासच्या गावांचं तिखट त्यांच्याकडे येतं. अभिमान वाटतो, खूप वाटतो, आणि लपवणार नाही.

मघाशी त्यांना फोन केला. दोघी रडलो. मग त्यांनी विचारलं, आज कांडप बंद ठेवू का?

"हो, ठेवा" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"



"चालूच ठेवते. बाया लांबून आल्यात."

ताई, एवढंच सांगायचं होतं. आज मी आधी विचारलं.

भरल्या डोळ्यांनी आणि ताठ मानेने तुम्हाला शेवटचा नमस्कार.