पुसलेले चेहरे

त्याला सगळे वायरमनच म्हणायचे. कृत्रिम नाक, कान, डोळे बनवणाऱ्या त्या केंद्रात तो लागला तेव्हा दिवे, पंखे आणि पाण्याची मोटर एवढंच बघायचा. पुढे कॉम्प्युटर आले, बिघडायला लागले, आणि "वायर आहे ना त्यालाही, मग तुझंच काम" म्हणत केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तेही त्याच्या गळ्यात घातलं. ठेचकाळत ठेचकाळत तो शिकला.

कॅन्सरमुळे ज्यांचं नाक किंवा कान काढावा लागणार, अशी माणसं ऑपरेशनच्या आधी इथे यायची. कॅमेऱ्याने त्यांच्या चेहऱ्याचं चारी बाजूंनी मोजमाप घ्यायचं, आणि जखम भरली की त्यावरून सिलिकॉनचं हुबेहूब नाक ओतायचं, अशी रीत. ऑपरेशननंतर ते मोजमाप परत घेता येत नाही. घ्यायला नाक उरलेलंच नसतं.

ही सगळी मोजमापं ज्या सर्व्हरवर होती तो म्हातारा झाला होता, म्हणून ती क्लाउडवरच्या भाड्याच्या साठ्यात हलवायचं ठरलं. साठा कुठेतरी दूर. पण प्रत्येक खोलीतल्या कॉम्प्युटरला तो आपल्याच घरातल्या कपाटासारखा दिसावा, यासाठी मधे एक ड्रायव्हर बसवावा लागतो. तो छोटासा प्रोग्रॅम वायरमनने बसवला, फायली नेल्या, उघडून पाहिल्या. मग नियमाप्रमाणे जुन्या डिस्कचा चुरा करून टाकला. लोकांचे चेहरे होते ते, भंगारात कसे द्यायचे? नव्या साठ्याचा बॅकअप पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचा होता.

काम आटोपलं असं वाटलं, आणि घोळ सुरू झाला. कॅमेऱ्याच्या खोलीत कपाट उघडलं की साच्यांच्या खोलीत ते उघडेना. ड्रायव्हरमध्ये त्याने 'एका वेळी एकच मशीन' अशी सेटिंग ठेवली होती.

साचे बनवणारा ओतारी येऊन दारात उभा राहिला. "तुझं ते कपाट आहे की संडास? एक आत गेला की दुसऱ्याने बाहेर ताटकळायचं?"

वायरमन हसला आणि कामाला लागला. आधीची जोडणी आहे तशी ठेवून ती सेटिंग बदलता येत नव्हती. जोडणी काढून नवी करावी लागणार होती. त्यात त्याला काही अवघड वाटलं नाही. वायर काढली म्हणून दिवा थोडाच फुटतो? त्याने जोडणी काढली, 'सगळ्यांसाठी खुलं' असं सांगून नवी केली. दोन्ही खोल्यांत कपाट एकाच वेळी उघडलं.

आत काहीच नव्हतं.

त्याने बंद करून पुन्हा उघडलं. मग सेटिंगची फाइल ओळ न ओळ वाचायला घेतली, आणि खाली, ज्या ओळीला त्याने कधी हातच लावला नव्हता तिथे, लिहिलेलं सापडलं: जोडणी काढल्यावर साठाही पुसावा. त्याने लगेच क्लाउडवाल्यांना फोन लावला.

तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, पुसायची सूचना तुमच्याकडूनच आली होती."

"मी वायर काढली हो फक्त. माल टाकून द्या असं कुठे म्हटलं?"

"समजतंय सर. पण पुसलेलं आमच्याकडेही राहत नाही."

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि नाक मिळायचंय, असे किती आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. असे बरेच होते.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. त्याने ते बाजूला सारलं. "नोकरी जाईल का?" तिने विचारलं. "गेली तर सुटेन," तो म्हणाला. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि ती त्याच्याजवळ बसली.

नोकरी गेली नाही. ज्यांची मोजमापं गेली त्यांना बोलावून सांगायचं होतं, आणि ते आपणच सांगणार असा त्याने हट्ट धरला. पहिली आली ती पोहायला शिकवणारी एक बाई. तोंडावर मास्क, बरोबर धाकटी बहीण. आज नाक बसवून बघायचं या आशेने आली होती.

तो सांगत गेला आणि तिचे डोळे विझत गेले. "म्हणजे माझं नाक दुसऱ्यांदा गेलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा निदान मला विचारलं तरी होतं."

शेजारी उभा असलेला ओतारी मघापासून धाकटीकडे टक लावून बघत होता. "ताई, रागावू नका," तो तिला म्हणाला, "पण यांचं नाक तुमच्यासारखंच होतं का?"

"लहानपणी सगळे आम्हाला जुळ्याच समजायचे," धाकटी म्हणाली. मग थोरलीकडे वळली. "घे माझं. मला काय, मोजूनच तर घेणार आहेत."

थोरली कितीतरी वेळ नाही म्हणत राहिली. शेवटी धाकटी आपणहून कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली. महिन्याभराने नाक बसवलं तेव्हा थोरलीने आरसा धरला, वळून वळून पाहिलं. "जरा बसकं आहे," ती म्हणाली. आरसा ओताऱ्याच्या हातात दिला आणि वायरमनकडे पाठ फिरवून निघून गेली.

बाकीच्यांपैकी कुणाचा मुलगा कॅमेऱ्यासमोर बसला, कुणाची मावशी. काहींना जुन्या फोटोंवरून अंदाजाने करून दिलं. ते त्यांचं नाक नव्हतंच, आणि घेताना त्यांनाही ते कळत होतं. एका म्हाताऱ्या सुताराचं कुणीच नव्हतं आणि फोटोही नव्हता. वायरमन दोनदा त्याच्या घरी गेला, कुणाचं तरी नाक निवडा म्हणून विनवलं.

"दुसऱ्याचं तोंड घेऊन कुठे फिरू?" म्हातारा म्हणाला. "राहू दे." आणि त्याने आतून कडी लावली.

वायरमन केंद्रात परतला. दुपारी एका नव्या बाईचं मोजमाप होतं, परवा तिचं ऑपरेशन. तिची फाइल त्याने तीन ठिकाणी ठेवली, तिन्हीकडची उघडून पाहिली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडून पाहिली.